ते दुसरं खातं चालू आहे नं?

ती. बाबा,

पहिल्याच ओळीवर अडले. वडिलांना पत्र लिहायचं तर वर ‘तीर्थरूप’ लिहायचं, हे तुम्हीच शिकवलंत. वडील गेल्यावर काय लिहायचं, ते शिकवायचं राहून गेलं. मी तीर्थरूपच ठेवलं आहे. चालेल ना?

आज लिहायला बसले ते आईमुळे. काल रविवारचा फोन झाला. थंडी किती, जेवलीस का, खोकला गेला का, सगळं नेहमीचं. आणि फोन ठेवता ठेवता तिने तुमचा प्रश्न विचारला. अगदी तुमच्याच चालीत. “बेटा, ते दुसरं खातं चालू आहे नं?”

मी उत्तर टाळलं, बाबा. आवाज कटतोय म्हणाले, फोन ठेवला, आणि तेव्हापासून लंडनमधल्या ईलिंगच्या या खोलीत येरझारा घालते आहे. उद्या साप्ताहिकाचा अंक छपाईला जायचाय, माझी पानं अजून व्हायची आहेत, आणि मी तुम्हाला पत्र लिहितेय!

तो प्रश्न सुरू कसा झाला, आठवतं? मी मँचेस्टरला शिकत होते. फोनकार्ड खरवडून तुम्हाला फोन लावला आणि सांगितलं की मी दुसरं करंट अकाउंट उघडतेय. तुम्ही म्हणालात, “चालू खातं? काहून? शिकायला गेलीस का दुकान टाकायला?”

इथे कुणाचंही रोजचं साधं खातं म्हणजे करंट अकाउंट. पगार, घरभाडं, किराणा, सगळं त्यातूनच. पण तुमचा जन्म नागपूरच्या सहकारी बँकेत गेला. तुमच्या लेखी चालू खातं व्यापाऱ्याचं, बाकीच्यांनी मुकाट्याने बचत खातं काढायचं! पुढच्या रविवारी आई फोनवर कुजबुजली, “अगं, शेजारच्या काकू विचारत होत्या, पोरगी तिकडे काय विकते म्हणून. मी म्हटलं, आम्हालाच अजून सांगितलं नाही.”

माझ्याबरोबर घरात राहणारी केतकी हे ऐकून पोट धरून हसली. जन्म ईलिंगचा, मराठी तिच्या स्वतःच्या कारखान्यातलं. “तुझा बाबा सो क्यूट बोलते! त्यांना सांग, इथे माझी आजी पण करंट अकाउंट आहे.”

मी तुम्हाला तसंच्या तसं सांगितलं. तुम्ही म्हणालात, “म्हणजे तिथे आजीबाईसुद्धा चालू! मग आमची पोट्टी का मागे राहील?” आणि स्वतःच्याच विनोदावर ठसका लागेपर्यंत हसलात. तुम्हाला ठसका लागला की मी इकडे श्वास धरून उभी राहायची. मी निघायच्या आधी, त्याच उन्हाळ्यात तुमची अँजिओप्लास्टी झाली होती. तुम्ही ती विसरलात. निदान तसं दाखवलंत. मी कशी विसरणार?

मग तुम्ही खरा प्रश्न विचारलात. एक खातं असताना दुसरं कशाला? मी म्हटलं, घरातली बिलं आम्ही वाटून भरतो, त्यासाठी.

बिलं कसली, बाबा! त्या महिन्यात वर्गातल्या एका मुलाचे वडील इंदूरला वारले. बिचारा विमानाचं तिकीट काढत होता आणि त्याचं कार्ड चालेना. भाडं नुकतंच गेलं होतं, खात्यात काही उरलं नव्हतं. आम्ही सगळे आपापल्या पर्सा उलट्या करत होतो आणि तो त्या कार्डाकडे बघत बसला होता. त्याचा तो चेहरा बघितला आणि मी ठरवलं: एक खातं असं हवं की ज्याला भाडं, जेवण, पुस्तकं कुणीच हात लावणार नाही. त्यात नागपूरच्या तिकिटाचे पैसे असतील. कधीही फोन आला की निघायचं.

हे तुम्हाला कसं सांगायचं? बाबा, तुम्ही जाल तेव्हाची मी सोय करतेय, असं?

आणि तुम्ही तर भलतेच उत्साहाने कामाला लागलात! निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी तुम्हाला बँकेबद्दल विचारत होतं. “व्याजावर जाऊ नको. आत गेलीस की आधी पेन पाहा. पेनला दोरी असेल तर बँक चांगली. जी पेन सांभाळते ती तुझे पैसेही सांभाळते.” मी मँचेस्टरच्या भर बाजारात एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पेनं बघत हिंडले. केतकी म्हणे, “ती कोपऱ्यातली बँक घे ना, रेलकार्ड फ्री देते.” चौकशी केली तर ते रेल्वे सवलतीचं कार्ड फक्त इथल्या विद्यार्थ्यांना. एका बँकेत दर महिन्याला ठरावीक पैसे भरायची अट. माझ्या पहिल्या बँकेतच दुसरं उघडावं, तर इकडचं तिकडे वळवायचा मोह झाला असता. बचत खातं मिळत होतं, पण त्याला कार्ड नाही. पैसे हवे असतील तर आधी कळवा म्हणे. आधी कळवायचं? कोणाला माहीत असतं आधी?

शेवटी स्टेशनजवळच्या एका बँकेत गेले. पेनला चक्क साखळी होती. तुम्हाला सांगितलं तेव्हा केवढे खूश झालात! “साखळी? लोखंडी? मग डोळे मिटून उघड.” टेबलापलीकडच्या बाईंनी विचारलं, हे खातं कशासाठी? मी म्हटलं, प्रवासासाठी. त्या छान हसल्या. “हॉलिडे? लकी यू!”

मी पण हसले. दुसरं काय करणार?

तेव्हापासून दर रविवारी तुमचा तो प्रश्न. अभ्यास, हवापाणी झालं की, “ते दुसरं खातं चालू आहे नं? त्याला हात नाही नं लावला?” मी लंडनला आले, नोकरीला लागले, भाडं वाढलं, तरी प्रश्न तोच. कधीकधी वैतागायचे मी. बाबा, बँक सोडून दुसरं काही विचारा ना! तुम्ही म्हणायचात, “सवय आहे गं.”

गेल्या वर्षी तुम्ही गेल्याचा फोन आला तो मावसभावाचा होता. तेव्हा त्या कार्डाने तिकीट निघालं. पटकन निघालं. इतक्या वर्षांची तयारी आणि काम एवढंसं. विमानात मी फक्त एवढंच म्हणत होते की थांबा, कुणीतरी त्यांना थांबवून ठेवा.

तुम्ही थांबला होतात. म्हणजे, थांबवलं होतं आईने. घर माणसांनी भरलं होतं, आणि काकांचं चाललं होतं की किती वेळ ठेवायचं, लंडनहून यायचं म्हणजे गंमत आहे का, तिकीट मिळतं की नाही. आई एका जागेवरून हलली नव्हती. ती काय म्हणाली ते मला मावसभावाने नंतर सांगितलं. “ती पोचते. तिच्या तिकिटाची सोय आहे. ह्यांनी मला केव्हाच सांगून ठेवलंय, दुसऱ्या खात्यात पैसे असतात म्हणून.”

बाबा!

तुम्हाला माहीत होतं? पहिल्यापासून? मी बिलं म्हटलं तेव्हाच ओळखलं होतंत? अहो, मग स्वतःच्याच शेवटच्या दिवसासाठी पेनाची दोरी तपासायला लावलीत मला! आणि दर रविवारी विचारत होतात ते खात्याबद्दल नव्हतंच. ‘वेळेला येशील नं?’ एवढंच विचारायचं होतं ना? मग सरळ का नाही विचारलंत? मी दिलं असतं उत्तर. रडले असते, पण दिलं असतं. आपल्या दोघांत जास्त चालू कोण निघालं, सांगा बरं?

आता ते खातं रिकामं पडलं आहे. बँकेने दोनदा कळवलं की व्यवहार नाही, वापरा नाहीतर बंद करू. दर आठवड्याला दुपारच्या सुटीत मी इथल्या शाखेत जाते, रांगेत उभी राहते आणि माझा नंबर जवळ आला की बाहेर पडते. बंद करवत नाही. भरवतही नाही. कारण भरायचं म्हणजे कशासाठी? आता नागपूरला एकटी आई आहे. त्यात पैसे टाकायचे म्हणजे पुन्हा त्या फोनची वाट बघायला बसायचं. एकदा बसले. दुसऱ्यांदा माझ्याने होणार नाही.

आणि काल तिने विचारलं. तिलाही तेच विचारायचं होतं, नाही का? रिकामं आहे, हे कुठल्या तोंडाने सांगू? वर्षश्राद्धालाही मी गेले नाही. सुट्टी नव्हती म्हटलं; खरं तर तिकीट काढायला बसले की हात पुढे होत नव्हता. आपल्या घरी जायचं तिकीट एकाच कारणासाठी काढतात, असं कधीतरी मनात घट्ट बसलं. तुम्ही असताना त्या खात्यातून मी एकदा तरी नुसतीच यायला हवं होतं, बाबा. संत्री खायला. तुमच्याशी भांडायला. मी ते पैसे इतके जपले की तुम्हाला भेटायलासुद्धा वापरले नाहीत.

म्हणून हे लिहितेय. लिहिता लिहिता येरझारा थांबल्यात, हे आत्ता लक्षात आलं.

उद्या पानं देऊन झाली की मी बँकेत जाईन आणि या वेळी रांगेतून बाहेर पडणार नाही. पैसे भरेन आणि त्याच कार्डाने तिकीट काढेन, याच हिवाळ्याचं. मग आईला फोन करेन. सांगेन, आई, खातं चालू आहे, मी येतेय. ती घाबरेल. विचारेल, “काहून गं? काय झालं?”

मी म्हणेन, काही झालं नाही, म्हणूनच येतेय.

हा शब्द तुम्हाला दिला. दोरी बांधून.

तुमची चालू पोट्टी,
वैदेही