आउनेच्या डब्यातल्या गोळ्या

नुर्मेस, १ फेब्रुवारी १९९३

चि. हिल्यास ताउनोदादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

धप्, धप्, धप्. आईच्या लोणी काढायच्या पिंपाचा आवाज आठवतो का गं? त्या ठेक्यावर मी शाळेच्या कविता म्हणायचो आणि तू चुका काढायचीस. आज घर इतकं गप्प आहे की तो आवाज नुसता घुमतोय.

तुझी वहिनी आउने शनिवारपासून दवाखान्यात आहे, पुढच्या सोमवारी घरी सोडतील. मुतखडा. आजवर कधी नव्हता, आता कुठून आला, डॉक्टरांना उमगत नाही. मला उमगतंय, आणि त्यानंच थकलोय.

कॅल्शियमच्या गोळ्यांनी कोलेस्टेरॉल उतरतं का, त्या अभ्यासात आम्ही दोघांनी नावं घातली होती ना? प्रत्येकाला एक डबा. काहींच्या गोळ्या खऱ्या, काहींच्या नुसत्या पिठाच्या. कुणाच्या कोणत्या, हे नर्सलाही ठाऊक नाही. मी दोन्ही डब्यांतली एकेक गोळी व्हिनेगरमध्ये टाकली. माझी फसफसली, म्हणजे खरी; तिची ढिम्म. विहिरीपाशी बर्फावर पडून तिचं मनगट मोडलं तेव्हा हाडं ठिसूळ झालीत असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून मी गोळ्यांची अदलाबदल केली. आठ महिने, तिला न सांगता. त्याच कॅल्शियमचा आता खडा झाला असणार.

वर माझंच कोलेस्टेरॉल उतरलं! नर्स म्हणाली, आजोबा, गोळ्या लागू पडल्या तुम्हाला. आउनेनं घरातलं लोणी बंद करून वनस्पती तेलाचं मार्गारिन आणलंय, हे मी बोललोच नाही. आता आउनेचा निरोप आलाय की माझा डबा पाठव, खाडा नको. काय करू?

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझा ताउनोदादा

---

ओउलू, ३ फेब्रुवारी

ती. दादास हिल्याचा सा. न.

पत्र वाचून आधी चिडले, मग चुलीपाशी बसून रडले. बाबा पन्नाशीत छातीत कळ येऊन गेले, आणि तू खऱ्या गोळ्या बायकोला देऊन स्वतः पीठ खात बसलास! पण दादा, वहिनीला विचारावंसं वाटलं नाही? तिच्या पोटात काय जातंय, हे तिला कळायला नको? कविता म्हणण्यात हुशार, साधं वाक्य बोलायला मात्र तुझी जीभ जड.

डबा अजिबात पाठवू नकोस. डॉक्टर बिचारे अंधारात चाचपडतायत. सोमवारी वहिनी घरी यायच्या आत तू सांग, नाहीतर मी फोन करून सांगेन. ही धमकीच समज.

रागावले तरी माया कमी नाही, हे जाणतोसच.
तुझी हिल्या

---

नुर्मेस, ५ फेब्रुवारी

चि. हिल्यास आशीर्वाद.

काल दवाखान्यात गेलो होतो, सांगायचं म्हणूनच. पण आउने शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत होती की आमच्या म्हाताऱ्याचं कोलेस्टेरॉल कसं झरझर उतरलं, गोळीचा एक दिवस चुकवत नाही. तिच्या तोंडावरचा तो अभिमान पाहून मी टोपी हातात धरून बसलो आणि तसाच परत आलो.

आज सकाळी मात्र अभ्यासाच्या नर्सला फोन करून सगळं सांगितलं. ती थकल्या आवाजात म्हणाली की तुम्हा दोघांचे आठ महिन्यांचे आकडे आता बाद करावे लागतील. डॉक्टरांना मी आत्ताच कळवते, बाईंना मात्र तुम्हीच सांगा. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

म्हणून सोमवारसाठी वाक्यं जुळवतोय. पहिलं वाक्य सातव्यांदा खोडलं. मनगटापासून सुरुवात करावी की—

फाटकाशी टॅक्सी थांबलीय. आउने उतरतेय, सोमवारी यायची ती. हातात पिशवी, कोटाची बटणं उघडीच. पायरीवर बर्फ झटकायलाही थांबली नाही.

आत आलीय. चाळीस वर्षांत पहिल्यांदा बूट न काढता, थेट गालिच्यावरून. म्हणजे कळलंय तिला; डॉक्टरांनी विचारलंच असणार.

समोरची खुर्ची ओढून बसली आहे. पेन ठेवतो.