काहीच वाया जात नाही

सोमवार, ४
आलो एकदाचा! कोंबड्यांच्या फार्मवर सुपरवायझर, राहायला शेडमागे दोन खोल्या, पाणी चोवीस तास. बायकोला फोनवर सांगितलं तर म्हणाली, वास किती येतो ते सांग आधी. येतो, पण नाकाला सवय होते. पुढच्या सोमवारी ती लेकीला घेऊन येणार. वर्षभर वेगळे राहिलो, आता पुरे झालं.

खाद्य मिसळणारे काका भलते बोलके. नवं एन्झाइम आलंय. मका-सोयाच्या सालीतलं जे कोंबडीला पचत नाही, ते हे फोडून देतं. कमी दाण्यात जास्त वजन. उष्णतेनं मरतं, म्हणून दाणा थंड झाल्यावर हातानंच कालवायचं. हातमोजे नकोत, गुठळी हाताला कळते, असं काकांचं म्हणणं. मग चिमूटभर जिभेवर ठेवून बघायचं. मीही बघितलं. गोडसर आहे.

बुधवार, ६
वजनं झकास. विष्ठा जवळजवळ नाहीच. कोंबड्यांचे डॉक्टर खूश, म्हणाले, काहीच वाया जात नाहीये. मलाही हल्ली भूक लागत नाही. बायकोला म्हटलं, तुझा स्वयंपाक वाचला. ती म्हणाली, बघू किती दिवस टिकतंय हे कौतुक.

शुक्रवार, ८
मेलेल्या कोंबड्या उचलायला गेलो. पिसं आणि कातडी तेवढी हातात आली. आत मांस नाही, हाडं नाहीत. माझ्या बोटांना काही कळेनासं झालंय. दोन नखं गळाली, दुखलं नाही. डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, खाद्य चालू ठेवा.

शनिवार, ९
काका कामावर आले नाहीत, म्हणून त्यांच्या खोलीत डोकावलो. गादीवर कपडे, कपड्यांत ते — म्हणजे त्यांची कातडी. दार ओढून घेतलं. रडू यायला हवं होतं. आलं नाही. डॉक्टर आता फोन उचलत नाहीत.

रविवार, १०
सकाळी मांजरानं माझा हात चाटला. दुपारी पायरीवर त्याची नुसती कातडी, मिशांसकट. म्हणजे आता माझ्या हातातूनही —

येऊ नकोस म्हणून सांगायला बायकोला फोन लावला. शब्द फुटेना. आरशात पाहिलं, जीभ अर्धीच. मेसेज करायला गेलो तर फोन माझं बोट ओळखेना. निघून जावं, तर पाय उचलत नाहीत.

सोमवार, ११
आल्या. मी आतून कडी लावलीय. बायको दार वाजवतेय, आधी चेष्टेत, आता रागानं. बाकी काही वाटत नाही, पण लेकीची हाक ऐकून सरपटत दाराशी आलोय —

पेन मुठीत धरलंय. हे पान फाडलं. लिहिता लिहिताच दाराखालून सरकवतोय. परत जा. दाण्याला, कोंबड्यांना, कशालाच हात लावू नका. मला शोधू —

लेकीनं टोक धरलं. हसतेय. ओढतेय —

पान ओलं आहे. माझ्या हातानं — सगळं पान —

"बाबा, सोड ना!"

तू सोड, बाळा. हात धू, आधी हा —