तिसरा आग्रह

स्कॉगन, मिनेसोटा
६ ऑगस्ट २०१८

चि. व्हर्लिन यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू पाठवलेला ब्लूबेरीचा जॅम पोचला. बाटलीला चीर गेली होती, पण पोस्टमन हर्बने पाकीट चाटून चव उत्तम असल्याचं आधीच कळवलं होतं. तब्येतीचं तू काहीच लिहीत नाहीस, म्हणजे गुडघा दुखतोय हे मी समजून घेतलं.

आपल्या कॉलेजची बातमी अशी, की इथे आता विद्यार्थी उरलेले नाहीत. सगळे खेळाडू झाले आहेत. दोन वर्षांपूर्वी टेक्सासहून आलेले अध्यक्ष टोलिव्हर यांचा हिशेब सरळ आहे. स्कॉगनला कोणी शिकायला येत नाही. पण संघात घेतो म्हटलं की पोरगा येतो आणि फी भरतो. तेव्हा संघ जितका मोठा, तितकं कॉलेज खाऊनपिऊन सुखी. फुटबॉलला मैदानात अकरा लागतात, आपल्याकडे एकशे बेचाळीस आहेत. सत्तेचाळीस नंबरची जर्सी दोघांत मिळून एक आहे. एक घालतो तेव्हा दुसरा वाचत बसतो, आणि गेल्या सत्रात पास झालेला तो दुसराच. सामन्याला प्रेक्षक मात्र नसतात, कारण उरलेले सगळे दुसरीकडे कुठलातरी सामना खेळत असतात. मागच्या शनिवारी सरावाच्या सामन्याला टोलिव्हर आणि त्यांची बायको दोघंच बसले होते, आणि त्यातही ती विणत होती.

आता नेहमीचे खेळ संपले म्हणून नवे काढलेत, आणि एकेक खेळ एकेकाच्या गळ्यात मारलाय. पाद्रीबाबांना मासेमारीचा संघ, तत्त्वज्ञानाच्या बाईंना मुलींची कुस्ती. आणि मला, व्हर्लिन, पिशव्या. हो, त्याच. चर्चच्या सहलीत बटाट्याच्या सॅलडनंतर आपण तिरक्या फळीच्या भोकात मक्याचे दाणे भरलेल्या छोट्या पिशव्या टाकतो ना, तो आता कॉलेजचा खेळ झालाय. मी कोच आहे. गळ्यात शिट्टी आहे.

हसून झालं असेल तर पुढचं वाच. वर्ग सुरू झाल्यापासून दहाव्या दिवशी, म्हणजे बारा सप्टेंबरला, विद्यार्थ्यांची सरकारी मोजणी असते. तोवर फी भरणारे बारा नवे गडी मी आणले तर ठीक. नाहीतर माझ्या वाचनालयातली वरच्या मजल्यावरची वाचनाची खोली कुस्तीच्या गाद्यांना द्यायची. त्या उत्तरेच्या खिडकीशी मी ग्रंथपाल म्हणून चौतीस वर्षं बसले आहे. ती जागा गेलेली मला बघवणार नाही, हे तुला स्पष्टच लिहिते.

तुझंही एक सत्र १९७८ पासून राहिलंय. वयाची अट नाही, मी नियम वाचले. येतोस का? आपलं सहज विचारलं.

माया आहे तेवढी राहू दे, वाढवलीस तर मी तक्रार करणार नाही.

तुझी ताई,
आर्डिस

*

तळ्याकाठून
१३ ऑगस्ट २०१८

ती. ताईस व्हर्लिनचे शि. सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसलो, दुसऱ्यांदाही हसलो, तिसऱ्यांदा शिट्टी डोळ्यांसमोर आली तेव्हा कॉफी सांडली. तू कोच! शाळेत असताना तू चेंडू पुढे फेकलास आणि तो मागे उभ्या असलेल्या मुख्याध्यापकांना लागला, ते गावात अजून सांगतात. देव त्या बारा जणांचं भलं करो, आणि मागे उभ्या राहणाऱ्यांचंही.

माझं म्हणशील तर नको गं. मी एकसष्ट वर्षांचा. त्या कॉलेजच्या फुटबॉल संघात मी चार वर्षं होतो आणि चारही वर्षं बाकावर होतो. एक मिनिट मैदानात गेलो नाही. बाक तेवढं गुळगुळीत करून ठेवलं. मग बाबा गोठ्यात घसरून कंबर मोडून बसले, मी दूध काढायला घरी आलो आणि ते सत्र राहिलं ते राहिलंच. आता कशाला उकरायचं?

इथे माझं बरं चाललंय. शेजारची मिसेस नुस्टाड काल हॉटडिशची गरम थाळी घेऊन आली. मी रीतीप्रमाणे दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा घेतली. माझी जॉइस गेल्यापासून एखाद्या माणसाशी सलग दहा मिनिटं मी बोललो नसेन, पण त्याची सवय झाली आहे. म्हणजे झाली आहे असं मी म्हणतो. ऐकायला तळ्यावरच्या पाणपक्ष्याशिवाय कोणी नसतं.

खोलीचं वाचून मात्र वाईट वाटलं. एखाद्या पैसेवाल्याला गाठून बघ.

लोभ आहेच. त्यावर फी लावू नये ही विनंती.

तुझा,
व्हर्लिन

*

स्कॉगन
१ सप्टेंबर २०१८

चि. व्हर्लिन यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पैसेवाला आपणहून आला होता. मी त्याला घालवला. सगळं क्रमाने सांगते, नाहीतर तुला खरं वाटणार नाही.

श्री. पेलेटियर म्हणून आहेत, ॲरिझोनात पोहण्याचे तलाव बांधतात. त्यांची बायको आपल्याकडे शिकलेली, यंदा वसंतात वारली. ती त्या खिडकीशीच बसायची, मला आठवते. तिच्या नावाने खोली राखावी म्हणून ते चाळीस हजार डॉलर घेऊन आले. टोलिव्हर बाजूला उभे होते. पेलेटियरनी चेकबुक काढलं, पेनाचं टोपण काढलं, आणि मला विचारलं की हे चालेल ना.

मी म्हणाले, अहो, नको, एवढं कशाला, तुमचीच अडचण व्हायची.

तू असतास तर तूही हेच म्हणाला असतास. आपल्या आईने तर पैसे बघून मान फिरवली असती. आणि मग मी दुसऱ्या आग्रहाची वाट बघत उभी राहिले. त्यांनी टोपण लावलं. म्हणाले, स्वतःचं मन ठाऊक असलेली माणसं आता भेटत नाहीत. माझा हात दोन्ही हातांत घेतला, डोळे पुसले आणि विमानतळाकडे गेले. व्हर्लिन, त्या माणसाने एकदाच विचारलं! ॲरिझोनात हे कसं जगतात कोण जाणे. तिकडे कोणाला पोटभर जेवायला मिळत असेल असं वाटत नाही.

टोलिव्हर जिन्यातच बसले. मला म्हणाले, फोन करून सांगा की हवे आहेत. फोन करून सांगायचं, की मला पैसे हवेत? त्यापेक्षा मी वाचनालय पेटवीन.

तेव्हा सगळी भिस्त आता पिशव्यांवर. जिल्ह्याच्या जत्रेत मी फळी मांडून बसले, शिट्टी वाजवली, आणि अकरा मुलं मिळाली. त्यात सेंट पॉलची पा न्या वँग नावाची मुलगी आहे, नर्सिंग शिकायला आलेली. ती डोळे मिटून पिशवी भोकात टाकते. माझा नेम बघून ती अदबीने म्हणाली की कोचबाई, तुम्ही कपडे वाळत घालताय असं वाटतं. पिशव्या चर्चच्या बायकांनी शिवल्या. पहिला संच उंदरांनी खाल्ला, तो मी खर्चात धरलाय.

अकरा झाले. एक हवा. या वेळी सहज विचारत नाही, मनापासून विचारते. येतोस का?

उत्तर लवकर लिही. माया माझ्याकडे आहे, दिवस नाहीत.

तुझी ताई

*

तळ्याकाठून
५ सप्टेंबर २०१८

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पेलेटियरचं वाचून मी तळ्याच्या धक्क्यावर जाऊन बसलो. चाळीस हजार! मी मिसेस नुस्टाडला सांगितलं, तर तिने हातातली थाळी खाली ठेवली आणि म्हणाली, एकदाच विचारलं? मग म्हणाली, बिचाऱ्याला आई नसेल.

माझं म्हणशील तर नकोच गं ताई. पोरांमध्ये मी म्हातारा कुठे शोभणार. लोक हसतील. तुलाच लाज वाटेल.

बाकी सगळं ठीक. धक्क्याच्या जुन्या फळ्या निघाल्या होत्या, त्यातून सहज एक तिरकी फळी केली. भोक सहा इंचांचं असतं ना? सत्तावीस फुटांवरून दहातल्या सात पडतात. वारा नसेल तर आठ. वेळ जायला बरं असतं. जर्सी तुमच्याकडे मोठ्या मापाची मिळते का, हेही सहज विचारतो, एका ओळखीच्याला हवी होती. आणि वसतिगृहात गाडी ठेवायला जागा असते की पैसे पडतात? हेही त्यालाच हवंय.

गुडघा बरा आहे. पेट्रोल भरून ठेवलंय, हिवाळ्याआधी टाकी भरलेली बरी.

पत्राची वाट बघतो. अगदी रोज बघतो.

तुझा,
व्हर्लिन

*

स्कॉगन
८ सप्टेंबर २०१८

चि. व्हर्लिन यास आशीर्वाद. वि. वि.

तुझं नको पोचलं. मी ते ऐकलं.

पेलेटियर प्रकरणापासून मी एक ठरवलंय. माणूस जे बोलतो तेच त्याला म्हणायचं असतं, असं धरून चालायचं. जग तसंच चालतं, आपणच मागे राहिलो. तू दोनदा नको म्हणालास. तुझा संसार तिकडे, तुझं तळं तिकडे. मी पुन्हा विचारून तुला अडचणीत टाकणार नाही.

तुझ्या ओळखीच्याला सांग, मोठ्या मापाची जर्सी आहे. गाडी फुकट.

टोलिव्हर काल टेप घेऊन आले आणि खोली मोजून गेले. खिडकीपाशी माझी खुर्ची मध्ये येत होती, ती त्यांनी उचलून बाजूला ठेवली. मी घरी येऊन रडले, ते लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

माया आहे तशीच आहे.

ताई

*

वाचनालयाच्या पुस्तक-परतीच्या पेटीतून
१२ सप्टेंबर २०१८, सकाळ

ती. ताईस,

नमस्कार वगैरे नंतर. तू तिसऱ्यांदा विचारलं नाहीस!

तुझं पत्र काल दुपारी आलं. मी पाकीट उलटं करून झटकलं, की आग्रहाचा कागद वेगळा घातला असेल. बासष्ट वर्षांच्या... चौसष्ट... तुझं वय काय असेल ते असो, एवढ्या वयाच्या बाईला रीत कळू नये? जॉइसलासुद्धा मी तीनदा विचारलं होतं. तिने दोनदा नाही म्हटलं म्हणून मी घरी निघून गेलो असतो, तर माझी पोरं कुठून आली असती? मी बॅग भरून आठवडाभर बसलो होतो, ताई. बॅग भरून!

रागारागाने चार तास गाडी चालवली. प्रवेशाच्या खिडकीवरच्या मुलीने विचारलं, फी आजच भरणार का? माझ्या तोंडून सवयीने निघालं, नको, राहू दे. ती खिडकी लावायला लागली. मी मध्ये हात घातला. बोट सुजलंय, पण पावती मिळाली.

बारावा गडी झाला. मोजणीत सापडेन. तुझी खुर्ची मी खिडकीशी परत ठेवली आहे आणि तीत बसलो आहे. वर ये.

रागावलेला,
व्हर्लिन लिंडक्विस्ट, विद्यार्थी

*

स्कॉगन
१५ ऑक्टोबर २०१८

चि. व्हर्लिन यास ताईचे अनेक, अनेक आशीर्वाद. वि. वि.

हिवाळ्याआधी पाण्याचे पाइप बंद करून येतो, तीन दिवसांत परत, असं सांगून तू गेलास त्याला आज आठ दिवस झाले. काल तुझी चिठ्ठी आली, की पाइपांना वेळ लागतोय, हिवाळा कदाचित तिकडेच काढीन. अरे, पाइप बंद केल्यावर घरात पाणी नाही. मग हिवाळा काय बर्फ चघळून काढणार?

मला कारण ठाऊक आहे. सहा तारखेच्या सामन्याचं तू चिठ्ठीत एक अक्षर लिहिलं नाहीस, म्हणून मीच लिहिते. शेवटचा डाव होता. पा न्या माझ्या कानात म्हणाली की आजोबांना उतरवा, ते सकाळपासून जर्सीला इस्त्री करत होते. मी तुझं नाव पुकारलं. तू उठलास, लाल झालास आणि म्हणालास, नको, पोरांना खेळू दे. मी दुसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं, तोवर पंचाने तुझ्या नावावर रेघ ओढली होती. पंच शिकागोचा होता. मी शिट्टी वाजवली, भांडले, आपली रीत समजावून सांगितली. त्याने मलाच बाहेर काढलं. कॉलेजची ती चार आणि हे पाचवं वर्ष धरून तुझं मैदानातलं एक मिनिट अजून बाकीच आहे. मला त्याचं फार वाईट वाटलं, आणि त्या रात्री मी ते तुला सांगायला हवं होतं.

इकडचं सगळं ठीक. खोली राहिली. टोलिव्हरनी गाद्या स्वतःच्या ऑफिसात घातल्या, आता त्यांना भेटायला गेलं की बूट काढावे लागतात. बँकेचा माणूस परवा नुसत्या मोज्यांत बसून कॉलेजचा ताळेबंद बघत होता आणि पलीकडे दोन मुली एकमेकींना चितपट करत होत्या.

तर आता नीट ऐक. मोजणी झाली आहे. तुझी फी जमा आहे, ती परत मिळत नाही. खोलीसाठी तुझी गरज उरलेली नाही, संघालाही अकरा पुरतात. वीस तारखेला शनिवारी पुढचा सामना आहे. पहिल्या डावात तुझं नाव मी शाईने घातलंय आणि नव्या पंचाला लेखी कळवलंय की या गड्याचं पहिलं नको धरू नये. पण त्यासाठीही विचारत नाही. संध्याकाळी खिडकीशी दुसरी खुर्ची रिकामी दिसते, आणि मला ती सवय करून घ्यायची नाही.

म्हणून विचारते. ये. ये. ये.

तिन्ही वेळा एकाच पाकिटात घातलंय. मधली दोन नको तू गाडीत म्हण.

तुझी ताई,
आर्डिस