आत्याचा दम आणि माझा डिले

२ मार्च, रविवार
दुकान बंद. चुडाव्याला आत्याकडं तालीम. भीमजयंतीला सहा आठवडे राहिले, चौदा गाणी बसवायची, आज तीन झाली. दुसऱ्या गाण्यात आत्यानं ओळ मधेच सोडून श्वास घेतला. चाळीस वर्षं गाती, अशा जागी कधी थांबली नाही. ढोलकीवाला मिलिंद छताच्या पत्र्याकडं बघायला लागला. मी गिटारवर एक सूर मारून जागा भरली, पण कोरडाच. टण्ण झालं अन् संपलं. आत्या हसली. "म्हातारी झाले रे लेकरा." लय वाईट वाटलं. सातवीत असताना पहिला बेंजो हिनंच माझ्या हातात दिला. बाप म्हणत होता, पाण्याच्या मोटारी बांधायला शिक. दोन्ही शिकलो.

४ मार्च, मंगळवार
एक मोटार जळकी आली, वाइंडिंग काढता काढता विचार. पहिलं बरं होतं. कुणी बक्षीस दिलं की गाणं थांबायचं, नाव पुकारायचं, मग ओळ परत उचलायची. तेवढ्यात आत्याचा दम भरून यायचा. आता सगळे मोबाइलवर पाठवतात, नावं शेवटी एकदम वाचतात. गाणं थांबतच नाही. बाईनं श्वास घ्यावा कुठं?
डिले पेडल घ्यायचं. पायाखालची डबी. वाजवलेला सूर ती परत परत म्हणती, दर वेळी आणखी हळू आवाजात. आत्याच्या श्वासाच्या जागा भरून निघतील, कुणाला कळणार नाही. आत्याला सांगायचं नाही.
सुषमाला सांगितलं. "सरळ विचारा की त्यांना, काय होतंय म्हणून." बायकोला गायन पार्टीतलं काय कळतं.

७ मार्च, शुक्रवार
साउंडवाल्या रफिकभाईकडं. दोन डब्या निघाल्या. एक नवी डिजिटल, एक जुनी अ‍ॅनालॉग, बंद पडलेल्या कुठल्यातरी ऑर्केस्ट्राच्या पेटीतली, रंग उडालेला. फरक विचारला तर म्हणतो, "डिजिटल मतलब जेरॉक्स. अ‍ॅनालॉग मतलब कार्बन कापी." शेवटची कॉपी वाचता येत नाही, ती. "दोनों लेके जाव. जयंती तक बजाव. जो दिल को लगी वो रखो." स्वतःचा रोजा, तरी माझ्यासाठी चहा मागवला. नको म्हणलं तर चिडला.

८ मार्च, शनिवार
जुनी उघडली. उघडल्याशिवाय मला चैन पडत नाही. एक वायर सुटत आलेली, सोल्डरचा डाग दिला. तीन बटनं. किती वेळानं म्हणायचं, किती वेळा म्हणायचं, किती जोरात. बस. नवीला अकरा, वर बारीक पडदा. मन नवीकडंच जायलंय, खोटं कशाला बोलू.

९ मार्च, रविवार
नवी घेऊन चुडाव्याला. पहिल्याच गाण्यात आत्या थांबली. "माझ्या मागं कोन बोलायलंय?" परत येणारा सूर पहिल्याइतकाच लख्ख, बरोबर तिच्या शब्दावर पडायलाय. कमी करून बघितलं. तरी तेच. नवी बाद.
साखर घ्यायला आत गेलो. तांदळाच्या डब्यामागं दम्याचा पंप. नवाकोरा, खोकं फोडलेलं नाही. विचारलं नाही. मी कोण विचारणारा, असं वाटलं, अन् दिवसभर तेच खटकत राहिलं.

१३ मार्च, गुरुवार
रात्री फोनवर आत्याशी बोलताना घड्याळ लावलं. एक श्वास घ्यायला सरासरी दोन सेकंद. जुन्या डबीचा एक फेरा सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. म्हणजे सहा-सात फेरे तरी पाहिजेत. तिच्याशी गप्पा मारायच्या सोडून हे मोजायलोय. शरम वाटली. पण मोजलं.

१६ मार्च, रविवार
काय सांगू. जुनी लावली. सूर मऊ. पहिल्यापेक्षा दुसरा अंधुक, तिसरा आणखी अंधुक, आत्याच्या आवाजाखाली गप बसतोय. मिलिंदसुद्धा मान हलवायला लागला. मग मला हाव सुटली. दोन सेकंद भरायचे म्हणून 'किती वेळा'चं बटन पुढं, आणखी पुढं. एका जागेनंतर ही डबी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. स्वतःचंच ऐकून स्वतःच ओरडायला लागली, वाढत वाढत. गल्लीतली कुत्री भुंकली. वायर उपटली तेव्हा गप झाली.
आत्या हसली, पोट धरून हसली. हसता हसता खोकला आला. तो थांबेच ना. मिलिंदनं पाणी दिलं. मग तिची नजर माझ्या मोबाइलवर. घड्याळ चालूच, खाली कागदावर गाण्यांची नावं अन् पुढं सेकंद.
"हे माझ्या दमावर लावलंस व्हय रे?"
हो म्हणलं.
"झाकायलास मला?" उठली. "जयंतीला तुमीच गा मग."

१९ मार्च, बुधवार
आत्या फोन उचलेना. सुषमा एवढंच म्हणली, "मी काय म्हणलं होतं?" म्हणलं होतंस बाई. तुझं बरोबर, माझं चुकलं. हे तोंडानं बोललो नाही, इथंच लिहितो.

२३ मार्च, रविवार
एकटाच गेलो, गिटार न घेता. आत्या ओट्यावर ज्वारी निवडत बसलेली. "जयभीम आत्या." "जयभीम." बस. मीपण सुपात हात घातला. अर्धा तास खडे काढले. मग मीच म्हणलं, तांदळाच्या डब्यामागं काय हाय?
तिनं सूप एकदा पाखडलं. मग म्हणली, दोन महिने झाले डॉक्टरनं दिलेला. शेजारीण म्हणली, पंपानं आवाज बसतो. "आवाज गेला तर माझ्याकडं काय राहतंय सांग." मी सूप माझ्याकडं ओढलं.
"मी पंप लपवला, तू मला लपवायलास. झाली बरोबरी."
रडू आलं. चाळिशी उलटली तरी आलं. तर म्हणती, "आरं रडू नगं, ज्वारी वली हुईल."
निघताना हाक मारली. "ती डबी आण पुढच्या टायमाला. बोंबलणारी. दुसरी नगं, ती लय चोंबडी हाय, मधी मधी करती."
अन् तू गाणार का? "बघू."

६ एप्रिल, रविवार
आज डबीवर हुकूम आत्याचा. खुर्ची माझ्या पायाजवळ ओढून बसली. "कमी कर. आणखी कमी. हां. तीनदा म्हणू दे, मग गप." मी म्हणलं, आत्या, तेवढ्यानं तुझी जागा भरत नाही. "कोन म्हणलं भर म्हणून? राहू दे रिकामी. लोकांनी मला अठरा वर्षांची बघितलीय, आता अशी बघू दे की." मला ती रिकामी जागा सहन होत नाही. बोटं आपोआप तारेकडं जातात. दोनदा हातावर चापट खाल्ली.
ईद होऊन गेली तरी रफिकभाईनं शीरखुर्मा पाठवलेला, डबा तिला दिला. डॉक्टरनं गोड कमी सांगितलंय म्हणली. तरी अर्धा खाल्ला.
पंपाचं विचारलं. "तू तुझ्या पायाकडं बघ."

१५ एप्रिल, मंगळवार
काल जयंती. 
दोन गाणी चांगली झाली. तिसऱ्याच्या अंतऱ्यात ओळ तुटली. नुसता श्वास नाही, थांबलीच. मंडप भरलेला. पायापाशी तीन फेरे झाले, डबी गप. मला वाटलं आता खाली बसती. तर माइकमधे म्हणली, "थांबा बाप्पा. दम घेते. तवर माझा भाचा वाजवील."
अन् पिशवीतून पंप काढला. सगळ्यांदेखत, उजेडात. खोकं नव्हतं, झाकण वापरून सैल झालेलं. म्हणजे रोज घेत होती अन् मला पत्ता नाही! आधी हलवला, मग एकदा घेतला, दम धरून उभी राहिली, मग दुसऱ्यांदा. अजिबात घाई नाही. समोरनं एक बाई ओरडली, "सावकाश घ्या आत्याबाई, आमी कुठं जात न्हाई!"
मी वाजवत होतो. एक सूर, तीन फेरे, गप. परत एक सूर. डोळ्यांत पाणी, तार दिसेना. आयुष्यात एवढं कमी अन् एवढं चांगलं कधी वाजवलं नाही.
तिनं ओळ पहिल्यापासून उचलली. आवाज किंचित बसलेला होता. मला कळलं. तिलापण कळलं, माझ्याकडं एकदा बघितलं. चौदापैकी अकरा गायली. उरलेली मिलिंदनं गायली, त्याबद्दल न लिहिलेलं बरं.

१७ एप्रिल, गुरुवार
नवी डबी रफिकभाईला परत. जुनी ठेवली.
पालमहून निरोप. २७ला त्यांच्याकडं जयंतीचा कार्यक्रम, पार्टी पाहिजे. "पण बाई गाणार ना? बाई नसतील तर आमी दुसरी बघतो."
आत्याचा आवाज दोन दिवस झाले उघडला नाही. फोनवर नुसतं हूं हूं. पंपानं की चौदा तारखेनं, कोण सांगणार. मंगळवारी डॉक्टर. मी सोबत जाणार, एवढं तिनं कबूल केलंय.
पालमवाल्यांचा फोन आज दोनदा येऊन गेला. उचलला नाही. आत्याला विचारल्याबिगर हो म्हणायचं नाही, अन् विचारायची हिंमत होईना.