समुद्रपूरची फांदी

२२ मार्च २००९, देवळी

आजपासून रोज लिहायचं. राग पोटात ठेवू नका, ब्लडप्रेशर वाढतं, असं डॉक्टर म्हणाले. वहीत ठेवला तर वहीचं वाढेल. वाढू दे.

हर्षाचं लग्न आठ मेला ठरलं. पवनारचे लोक आहेत, मुलगा प्रफुल, चांगला आहे. दीड महिना उरला आणि या घरात प्लॅनिंग नावाची चीज नाही. मंदा म्हणते, सगळं माझ्या डोक्यात आहे. डोक्यात! आपलं भांड्यांचं दुकान आहे, लोकांची लग्नं रोज पाहतो. डोक्यातलं लग्न मांडवात सांडतं.

उपाय सापडला आहे. वर्ध्याला व्यापाऱ्यांच्या मेळाव्यात नागपूरच्या एका सरांनी माइंड मॅपचं सॉफ्टवेअर दाखवलं. मधे एक गोळा, त्याला फांद्या, फांद्यांना आणखी गोळे. गोळ्याला नोड म्हणतात. सीडी घेऊनच आलो.

निश्चय: येत्या रविवारपर्यंत अख्खं लग्न एका स्क्रीनवर.

२५ मार्च

मधला नोड तयार. 'प्रभाकरराव (कर्ता)'. हर्षा बघून म्हणाली, बाबा, लग्न माहं आहे ना? तिला सांगितलं, सेंटरला कंट्रोल असतो. मंदा म्हणाली, असे गोये तर मी रोज अंगणात काढतो. दोघींकडे दुर्लक्ष.

२९ मार्च (रविवार)

नकाशा पूर्ण नाही, पण त्याहून मोठी गोष्ट हाती लागली. नोड स्टाइल!

लग्नात भांडणं कशावरून होतात? मानावरून. मग ज्याचा जसा मान तशी त्याच्या नोडची स्टाइल. कडा, रंग, अक्षर, चिन्ह, सगळं आपल्या हातात. एकदा स्टाइल बनवून नाव दिलं की ज्याला ज्याला लावू तो तसा दिसतो. पुढे स्टाइल एका जागी बदलली की सगळीकडे आपोआप बदलते. सरांनी हे तीनदा सांगितलं. बाकीच्यांसाठी असेल, मला पहिल्यांदाच कळलं होतं.

मान-१: सोनेरी कडा, लाल ठळक अक्षर. यात व्याही, दोन्हीकडचे मामा, थोरले जावई. मान-२: निळी कडा. ज्यांना पत्रिका पोस्टाने चालते ते साधे, बिनकडेचे.

पत्रिका अजून छापायला टाकल्या नाहीत म्हणून मंदा ओरडत होती. आधी स्टाइल.

२ एप्रिल

समुद्रपूरच्या फांदीवर गाडी अडली.

कोकिळाताई माझी थोरली बहीण, समुद्रपूरला दिलेली. आई गेली तेव्हा मी एवढासा होतो, तिनंच मला वाढवलं. तिचे यजमान रूपराव, म्हणजे माझे भाटवे. सहा वर्षांपूर्वी या घराच्या वास्तूला आले होते. सगळ्या पाहुण्यांना दुपट्टा-टोपी दिली, तशी त्यांनाही दिली. टोपी डोक्यात शिरेना. चार लोक हसले. रूपरावांना वाटलं, मी मुद्दाम केलं. भरल्या ताटावरून उठले. तेव्हापासून माझ्या घराची पायरी चढले नाहीत, आणि ताईही आली नाही.

टोपीचा काही दोष नव्हता. तीच टोपी बाकी सगळ्यांना बसली. डोकं मोठं आहे, आत माल नसताना.

मंदा म्हणते, "तुम्ही सोता जाऊन पत्रिका देऊन या. ताई वाट पाहून राह्यल्या असतीन." जाणारच आहे. नाही कोण म्हणतं? पण कोणत्या मानाने जायचं, हे आधी ठरायला नको? थोरले जावई म्हणून मान-१ द्यावा, तर रुसलेला माणूस आणखी डोक्यावर बसेल. मान-२ दिला तर पुन्हा रुसेल. रुसलेल्या माणसाची स्टाइल सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळत नाही. बनवावी लागेल.

सध्या मान-१ मध्ये ठेवले आहेत. तात्पुरते.

९ एप्रिल, सायंकाळी

भारनियमन! सेव्ह केलं नव्हतं. दोन्हीकडच्या मामांच्या कडा गेल्या, फॉन्ट गेले, सगळं गेलं. संतापाने टेबलावर मूठ आपटली, टेबलावरचा पितळी गडू पायावर पडला. अंगठा सुजला आहे. आता या अंगठ्याने समुद्रपूरला कसं जाणार? वर्ध्याला बस बदलावी लागते.

मंदा म्हणाली, बस तुम्ही थोडीच चालवून राह्यले.

१७ एप्रिल

अंगठा बरा. ऊन फार. शिवाय सीझन. दुकान सोडून कसं जाणार? (दुकानात मंदा बसते आहे, पण लक्ष माझंच असतं.)

आज एका गिऱ्हाइकाने विचारलं, भाऊ, कॉम्प्युटरवर काय पत्ते खेळून राह्यले? त्याला नकाशा समजावून सांगितला. कुंडा न घेताच गेला. लोकांची लायकी नाही.

पत्रिका छापून आल्या. मंदाने परस्पर टाकल्या होत्या. मजकुरात माझं नाव ठीक आहे, पण फॉन्ट मान-१ शी जुळत नाही. माझं कोण ऐकतं?

निश्चय: सोमवारी समुद्रपूर. नक्की.

२० एप्रिल (सोमवार)

सोमवारी समुद्रपूर जमलं नाही. रूपरावांच्या फांदीला तुटक रेघ द्यावी की नागमोडी, यात दुपार गेली. तुटक म्हणजे संबंध तुटला असं दिसतं. नागमोडी बरी. संबंध आहे, पण सरळ नाही.

२६ एप्रिल

हद्द झाली. हर्षा आणि मंदा दोघी सकाळच्या बसने समुद्रपूरला जाऊन पत्रिका देऊन आल्या. मला न सांगता! रूपरावांचा नोड अजून फायनल नसताना!

मंदा सांगत होती, ताईने दोघींना जवळ घेतलं, शेवयांची खीर केली. मग दाराकडे पाहून विचारलं, "मांगून प्रभ्या येऊन राह्यला काय?" मंदाने सांगितलं, त्याहींले काम हाये. आणि रूपराव काय म्हणाले? "काऊन, पाय मोडला काय साल्याचा?"

साल्याचा! नात्याने मी साला आहेच, पण म्हणण्याची एक पद्धत असते.

मी खीर खाल्ली नाही. मंदाने डब्यात आणली होती. रागाने खाल्ली नाही. रात्री खाल्ली, नासली असती.

४ मे

नकाशा पूर्ण! वर्ध्याच्या फ्लेक्सवाल्याशी बोललो. मांडवाच्या दारात सहा फूट बाय चार फुटांचा फ्लेक्स लागेल. कोण कोणाचा, कोणाचा काय मान, कोणी कुठे बसायचं, एका नजरेत. देवळीत असं लग्न झालं नाही.

निघता निघता रूपरावांचा हिशोब चुकता केला. पाय मोडला काय म्हणे. नोडवर क्लिक केलं, स्टाइल उघडली. सोनेरी कडा काढून राखाडी. लाल अक्षर काढून फिकट, बारीक. शेजारी चिन्ह, तोंड वाकडं केलेला पिवळा चेहरा. त्या एकट्यालाच कळेल असं. ओके दाबलं, सेव्ह केलं आणि लाइन गेली. या वेळी मी जिंकलो होतो. पेन ड्राइव्ह घेऊन तडक वर्धा.

७ मे

फ्लेक्स आला. गुंडाळी उद्याच मांडवात उघडायची. सरप्राइज.

८ मे, लग्न. सायंकाळी, घाईत

लग्न लागलं. हर्षा सासरी गेली. डोळे भरून येत होते, पण त्याआधी जे झालं ते लिहिल्याशिवाय राग उतरणार नाही.

सकाळी फ्लेक्स उघडला. मान-१ चे सगळे गोळे राखाडी! व्याही राखाडी. वराचे मामा राखाडी. मंदाचा भाऊ राखाडी. प्रत्येकाच्या शेजारी तोंड वाकडं केलेला पिवळा चेहरा. पोस्टाने पत्रिका गेलेले लोक मात्र स्वच्छ, छान दिसत होते.

मी नोड बदलला होता. सॉफ्टवेअरने स्टाइल बदलली. एका जागी बदललं की सगळीकडे बदलतं, हे मान्य, पण त्याने विचारायला नको होतं? माझा रोख कोणावर आहे हे त्याला कळत नाही? सीडी देताना सरांनी हे नीट सांगितलंच नव्हतं.

पवनारचे व्याही फ्लेक्ससमोर उभे राहिले. वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग गाडीत जाऊन बसले. त्यांच्यामागे मामा. मंदाचा भाऊ मांडवाबाहेर कडुनिंबाखाली. वरातीचा घोडा उभा, बँड बंद. मंदाने माझ्याकडे असं पाहिलं की मी मंडपाच्या कनातीमागे गेलो, वायरिंग तपासायला.

कनातीच्या फटीतून पाहिलं. रूपराव आले होते. ताईसोबत. फ्लेक्स वाचत होते. आधी स्वतःचं नाव, मग बाकीच्यांची. आणि हसायला लागले. पोट धरून. सहा वर्षांत त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. तसेच गाडीपाशी गेले आणि व्याह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "व्याहीबुवा, रुसण्यात आपला अनुभव मोठा हाये. सहा साल रुसून राह्यलो. काई भेटत नाई. पंगत सुटते आन् घरची बायको बोलत नाई. चाला."

व्याही उतरले. मामा उतरले. मुहूर्त टळला नाही.

म्हणजे शेवटी माझ्या चार्टमुळेच भाटवे बोलते झाले. कोणी मान्य करणार नाही, पण वहीत नोंद राहावी.

एक गोष्ट राहिली. जेवणानंतर ताई फ्लेक्सजवळ उभी होती. तिला वाचायला वेळ लागतो. बोट फिरवत फिरवत समुद्रपूरच्या फांदीपर्यंत आली. विचारलं, "मी कुठी हावो रे?" मी दाखवलं. 'श्री. रूपराव (सपत्नीक)'. तिने बोट तिथेच ठेवलं. "हो काय. बरं," म्हणाली आणि पंगतीत वाढायला गेली.

१० मे

रूपरावांनी जाताना फ्लेक्स मागून नेला. किंमत कळते माणसाला. मंदा म्हणाली, झाकायले नेला असन काही. तिला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते.

नकाशा उघडून पाहिला. ताईचा नोड खरंच नाही. मंदाचाही नाही. सगळे सपत्नीक. पत्रिकेवर अशीच तर पद्धत असते, मी काय नवीन केलं?

चिडचिड होते आहे. घरात हर्षा नाही म्हणून असेल.

१५ मे

ताईसाठी नोड बनवला. नवीन स्टाइल, फक्त तिच्यासाठी. सोनेरी दुहेरी कडा, आत केशरी, अक्षर सगळ्यात मोठं, माझ्याहून मोठं. नाव दिलं 'मान-०'. इतकी सुंदर स्टाइल मी आजवर बनवली नाही. फ्लेक्सवाल्याकडून त्याचा स्टिकर काढून घेतला. समुद्रपूरला जाऊन स्वतः त्या फांदीवर चिकटवणार. बस, अंगठा, ऊन, कोणाचं काही ऐकणार नाही.

मंदा म्हणाली, आता जाऊन राह्यले? मी म्हणालो, हो, आता.

१७ मे, समुद्रपूरहून परतल्यावर

बसमध्ये जागा मिळाली नाही. हिंगणघाटपर्यंत उभा. कंडक्टरशी भांडण.

रूपराव शेतात गेले होते. ताई अंगणात होती. फ्लेक्स अंगणभर पसरलेला, छापलेली बाजू खाली, पांढरी वर. वर मुगाचे पापड वाळत घातलेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मला राग आला. म्हटलं, उलटा का घातला? म्हणाली, त्या बाजूचा रंग पापडाले लागते.

स्टिकर खिशात होता. फांदी पापडांखाली. कुठे चिकटवणार?

तिने पाणी दिलं, पापडाची लाटी तेलात बुडवून हातावर ठेवली, आणि काठी हातात दिली. "बस इथीसा. कावये हाकल." लहानपणी उन्हाळ्यात हेच काम होतं माझं. बसलो.

शेवटी मीच म्हणालो, ताई, फ्लेक्सवर तुझं नाव राहिलं, त्याचा राग आला ना? तिला आधी आठवेचना. मग म्हणाली, "त्याचा कायचा राग? मले वाचता येते काय धड? पत्रिका द्याले तू येशीन असं वाटलं होतं. दोन दिवस दारच लावलं नाई दुपारी. मंदा आली. चांगली हाये मंदा."

आणि पापड उलटवायला लागली.

मला एकदम रडू आलं. ऊन फार होतं. ताईला दिसू नये म्हणून कावळ्यांवर ओरडलो. अंगणात कावळा नव्हता.

निघताना तिने पापड बांधून दिले. स्टिकर तसाच परत आणला. मंदाने विचारलं, चिकटवला काय? मी पापड दाखवले.