मी सभागृहात होतो

ताई,

सकाळपासून तीनदा लिहायला बसलो आणि उठलो. कमी पटाच्या शाळा बंद करायच्या विधेयकावर मतदान झालं तेव्हा मी सभागृहात नव्हतो, असं तुला फोनवर सांगितलं. ते खोटं होतं. पक्षाचा आदेश आला आणि मी बाजूने हात वर केला. मास्तरकी सोडून आमदार होण्याआधी मी जिथे बारा वर्षं शिकवलं, जिथे तू अजून शिकवतेस, ती आपली शाळाही त्या यादीत आहे.

तू म्हणालीस, "तू असतास तर भांडला असतास रे." तेव्हापासून एका जागी बूड टेकत नाही.

हे पत्र टाकणं म्हणजे पुन्हा तोंड लपवणंच. गाडी बोलावली आहे. तुझ्या वर्गाच्या दारात उभा राहून सांगेन, मुलं ऐकत असली तरी.

तुझा धाकटा