कलम सातमधली 'तिला'

३ मार्च
घटनादुरुस्तीची प्रत आली! एकोणतीस वर्षं या सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासतेय, पण सभागृहाने दोन तृतीयांश मतांनी मंजूर केलेला मजकूर समोर आला की अजूनही पाठ आपोआप ताठ होते. माझा जोडीदार वाचक स्वल्पविराम प्रत मोठ्याने वाचत होता, मी मुद्रितावर बोट ठेवून. (वाचताना नको तिथे थांबतो, म्हणून स्वल्पविराम. खऱ्या नावाने हाक मारली तर आता ओ देत नाही.)

कलम सातला मी अडखळले. 'अटक झालेल्या प्रत्येक नागरिकाला अटकेचे कारण सांगितले जाईल व चोवीस तासांच्या आत तिला न्यायाधीशांसमोर हजर केले जाईल.'

"तिला? कुणाला तिला?"

"नागरिकाला."

"नागरिक 'तिला' कधीपासून झाला?"

तो हसला. मला हसू येईना. इथे आधी 'व्यक्ती' असणार. ज्याने कुणी 'व्यक्ती' उचलली, तो तिच्या मागची 'तिला' उचलायला विसरला!

४ मार्च
मतदानाच्या दिवशी सभासदांना वाटलेली प्रत आम्हीच छापली होती. कपाटात सापडली. कलम सात — 'प्रत्येक व्यक्तीला'. हात वर झाले ते या शब्दावर.

आमची सून व्यक्ती आहे. नागरिक नाही. लग्न करून परदेशातून आली, अर्ज दोन वर्षं पडून आहे. त्यात तिच्या लॉन्ड्रीत संपाचं चाललंय आणि बाईसाहेब सगळ्यांत पुढे. हा एक शब्द बदलला की तिला उचलून कितीही दिवस कोंडा, कुणी विचारणार नाही.

तिच्यासाठी करतेय का? हो. ती नसती तरी केलं असतं. (लिहून तर बसले. आता तसं वागायला हवं.)

आमचा नियम सोपा आहे. प्रतीतला शब्द आपण बदलायचा नाही. समासात प्रश्नचिन्ह करायचं. लेखी उत्तर आल्याशिवाय छपाई नाही. केलं प्रश्नचिन्ह. जरा मोठंच झालं.

६ मार्च
विधी खात्याचं उत्तर — 'तिला'ऐवजी 'त्याला' वाचावे.

वा! दार चोरीला गेलं म्हणून सांगावं, तर हे कडीला तेल घालून देतात!

दुसरं प्रश्नचिन्ह केलं, या वेळी 'नागरिक'वर. जुनी प्रत टाचून विचारलं, सभागृहाने कोणता शब्द मंजूर केला? व्यवस्थापकांनी बोलावून घेतलं.

"अहो बाई, तुम्ही काना-मात्रा बघा. देशाचं बघणारे बघतील."

"काना-मात्राच बघत होते, साहेब. तिथेच सापडलं."

"तुम्हाला कुणी निवडून दिलंय का?"

"नाही ना! म्हणून तर मी शब्द बदलत नाहीये. ज्यांना दिलंय त्यांनी पुन्हा हात वर करावेत आणि खुशाल बदलावा. टंकलेखकाच्या टेबलावर घटना दुरुस्त होत नाही."

७ मार्च
'छापावे' अशी सही मागितली. केली नाही.

९ मार्च
माझ्या जागी सही करायला स्वल्पविरामला वर बोलावलं. दोन मुली शिकतायत त्याच्या, मी काय बोलणार? खाली मान घालून गेला. परत आला आणि मुद्रित माझ्यापुढे ठेवलं. सहीच्या जागी प्रश्नचिन्ह! माझ्याहून मोठं!

"पूर्णविराम दे म्हणत होते," म्हणाला. "मला जमत नाही ना तो."

घरी सून म्हणाली, "आई, माझ्यापायी नोकरी घालवू नका."

"तुझ्यापायी नाही गं. व्याकरणापायी."

खोटं बोलले. तिलाही कळलं.

११ मार्च
निलंबन. 'सदर व्यक्तीस छापखान्याच्या आवारात प्रवेश नाही.'

व्यक्तीस! मला हाकलताना बरोबर शब्द सुचला! हुद्दा लिहिताना मात्र एक वेलांटी चुकली होती. लाल शाईने सुधारून पोच परत पाठवली.

१६ मार्च
स्वल्पविराम कामावरून थेट घरी आला. दारातूनच, एकदाही न थांबता म्हणाला, "सभागृहाच्या सचिवांचं लेखी उत्तर आलं मंजूर शब्द व्यक्तीच आहे!" म्हणजे माझं नि त्याचं अशी दोन प्रश्नचिन्हं ओलांडून मशीन चालवायची कुणाची छाती झाली नाही तर. विधी खातं म्हणतंय, टंकलेखनातली चूक. म्हणू दे. नव्याने मत घ्यायला दोन तृतीयांश सभासद आता सरकारकडे नाहीत.

राजपत्र छापून झालं. एक प्रत त्याने आठवणीने आणली होती. 'व्यक्तीला' आहे. 'तिला' आहे. माझं निलंबनही अजून आहेच.

२३ मार्च
दुपारी चार वाजता सुनेला लॉन्ड्रीच्या फाटकावरून नेलं. कुठे ठेवलंय, सांगत नाहीत. मुलगा फोनवर रडत होता. म्हटलं, रडू नकोस, घड्याळ बघ. उद्या चारपर्यंत त्यांना तिला आणावंच लागेल. दहा वाजता मी न्यायालयाच्या पायरीवर असेन. राजपत्र पिशवीत घातलंय, कलम सातवर खुणेची पट्टी.

२४ मार्च
तीन वाजून चाळीस मिनिटं. तिला आणलं.